शब्दावर भरलेला किल्ला

तंजावूरला गेलेले मराठी प्रवासी भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात, बृहदीश्वराचे दर्शन घेतात आणि परततात. त्या मंदिराजवळच, शिवगंगा तळ्याच्या परिसरात, १७७९ साली उभे राहिलेले एक साधे चर्च आहे. आत एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध पाद्री आहेत आणि त्यांचा हात हाती घेऊन राजे सरफोजी भोसले (दुसरे) उभे आहेत. हे शिल्प राजांनीच इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. एका मराठा हिंदू राजाने एका परदेशी पाद्रींचे स्मारक का उभारावे? याचे उत्तर त्या पाद्रींच्या जीवनात आहे.

ख्रिस्टियान फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग येथे झाला. हाले येथे शिक्षण घेऊन १७५० साली ते कावेरीच्या मुखाजवळील तरंगंबाडीला आले आणि पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. तमिळ, फारसी, हिंदुस्तानी या भाषा ते शिकले, आणि तंजावूरच्या दरबाराशी संबंध आल्यावर मराठीही शिकले. तिरुचिरापल्लीत अनेक वर्षे काम करून १७७८ साली ते तंजावूरला स्थायिक झाले. पलटणीचे पाद्री म्हणून मिळणाऱ्या पगारातील मोठा भाग ते चर्च, शाळा आणि गरिबांसाठी खर्च करीत.

१७८० साली हैदरअलीचे सैन्य कर्नाटकात उतरले. शेती उद्ध्वस्त झाली, दुष्काळ पडला आणि माणसे तंजावूरच्या किल्ल्याकडे धावली. किल्ल्यातील कोठारे रिकामी होऊ लागली. बाहेर खेड्यांत धान्य होते, पण ते वाहून आणायला बैल मिळेनात. याआधी सरकारी माणसांनी बैल नेले होते आणि शेतकऱ्यांना पैसे मिळाले नव्हते. आता राजाच्या किंवा कंपनीच्या शब्दावर कोणी बैल सोडायला तयार होईना.

तेव्हा श्वार्ट्झ यांना गळ घालण्यात आली. सगळ्यांचे पैसे आपण स्वतःच्या हाताने चुकते करू, असा शब्द त्यांनी गावोगावच्या लोकांना दिला. एक-दोन दिवसांत हजारावर बैल जमले. पण शत्रूचे घोडेस्वार फिरत असलेल्या मुलखात ते घेऊन जाणार कोण? श्वार्ट्झ यांच्या मंडळीतील धर्मशिक्षक आणि सामान्य ख्रिस्ती माणसे पुढे आली. ते शिपाई नव्हते. जिवाची जोखीम घेऊन ते खेड्यांत गेले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम म्हणजे तमिळ मुलखातील धान्याचे मोठे माप. ते धान्य किल्ल्यातील सगळ्यांसाठीच होते, कोणत्या देवाला कोण भजतो हे त्यात पाहिले गेले नाही. काम संपल्यावर श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले, वर थोडी भेट दिली आणि मगच लोकांना घरी पाठवले. पुढे किल्ल्यावर पुन्हा तशीच वेळ आली, तेव्हा लोक पुन्हा मदतीला आले.

युद्ध ओसरल्यावर दुसरे संकट उभे राहिले. कारभाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून हजारो शेतकरी गाव सोडून गेले होते. राजे तुळजाजींनी बोलावले, तरी त्यांना भरवसा वाटेना. श्वार्ट्झ यांनी न्यायाची हमी दिली, तेव्हा एका दिवसात सुमारे ७,००० माणसे परतली. एरवी जूनमध्ये सुरू होणारी शेतीची कामे त्यांनी सप्टेंबरात हाती घेतली, रात्रंदिवस राबले आणि आदल्या वर्षापेक्षा अधिक पीक काढले.

१७८७ साली मृत्यूपूर्वी तुळजाजींनी आपला दत्तक पुत्र, दहाएक वर्षांचा सरफोजी, श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवला. गादीवर आलेल्या अमरसिंगांच्या काळात त्या मुलाचे हाल होऊ लागले. श्वार्ट्झ यांनी त्याच्या सुरक्षिततेसाठी आणि शिक्षणासाठी सतत प्रयत्न केले. श्वार्ट्झ धर्मप्रचारक होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. तरीही सरफोजी आयुष्यभर आपल्या कुळधर्माला धरून राहिले आणि दोघांमधले प्रेम कमी झाले नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांनी देह ठेवला. अंत्यदर्शनाला आलेले सरफोजी त्यांच्या पार्थिवाजवळ रडले. त्याच वर्षी ते राजे झाले. पुढे त्यांनी ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात वाटसरूंसाठी अन्नदान सुरू केले आणि तेथे विद्यार्थ्यांची व रुग्णांचीही सोय केली. गरीब ख्रिस्ती मुलांच्या सांभाळाचीही व्यवस्था त्यांनी लावली.

सेवाकार्यात असलेल्या आपण सर्वांनी या चरित्रातील एक गोष्ट जवळ ठेवावी. संकटाच्या दिवशी हजार बैल जमले, त्यामागे त्याआधीची तीस वर्षे होती. त्या सगळ्या काळात एका माणसाने दिलेला शब्द पाळला होता आणि हाती आलेला पैसा योग्य ठिकाणी खर्च केला होता. मंडळीतील साधी माणसे धोक्याच्या वाटेवर निघाली, कारण बोलावणाऱ्याला ती रोज पाहत होती. आपल्या उपक्रमातही मंडपवाल्याचे, टेम्पोवाल्याचे, आचाऱ्याचे पैसे वेळेवर देणे, घेतलेली वस्तू परत पोहोचवणे आणि हिशेब सर्वांसमोर मांडणे हा सेवेचाच भाग आहे. पुढच्या वेळी हाक दिल्यावर माणसे येतील की नाही, हे त्यावरच ठरते.