सशांना झटके आले आणि लो शुगरवरचा उतारा सापडला

इन्सुलिन म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट ही दोन नावं पटकन आठवतात. पण इन्सुलिन माणसाला देण्याइतकं शुद्ध केलं ते जेम्स कॉलिप यांनी.

कॉलिप यांचा जन्म १८९२ चा, कॅनडातल्या बेलव्हिलचा. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करून ते अल्बर्टा विद्यापीठात शिकवत होते. १९२१ च्या अखेरीस टोरंटोत ते इन्सुलिनच्या टीममध्ये आले.

११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, पण औषध अशुद्ध होतं, फारसा फरक पडला नाही. कॉलिप यांनी अल्कोहोलचं प्रमाण बदलत ते शुद्ध केलं. २३ जानेवारीपासून नवीन औषध सुरू झालं आणि मुलगा सुधारू लागला.

औषध किती स्ट्राँग आहे हे कॉलिप सशांवर तपासायचे. डोस जास्त झाला की सशांना झटके यायचे, ते बेशुद्ध पडायचे. कारण मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो आणि इन्सुलिनने रक्तातली साखरच खाली गेलेली असायची. ग्लुकोज टोचलं की तेच ससे काही मिनिटांत उठून बसायचे.

म्हणजे इन्सुलिनचा धोका आणि त्यावरचा उतारा, दोन्ही एकाच प्रयोगात समजले.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. मॅक्लिऑड यांनी आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली. पुढे कॉलिप यांनी हॉर्मोन्सवरच काम केलं. १९६५ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी ते गेले.

उतारा मात्र आजही तोच आहे. डायबेटिसच्या पेशंटला अचानक घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या.

पण पेशंट बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा. अशा वेळी ग्लुकोज शिरेतूनच द्यावं लागतं किंवा ग्लुकागॉनचं इंजेक्शन लागतं.