विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगचे नियम ज्यांच्या शरीरावर तपासले गेले, ते जे. बी. एस. हॉल्डेन कोण होते?

सुट्टीत एकट्याने अंदमान गाठायचे, स्वराज द्वीपवर चार-पाच दिवस मुक्काम ठोकायचा आणि स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र घेऊनच परतायचे, असा बेत अनेक तरुण आखतात. तिथे पहिल्याच दिवशी प्रशिक्षक नियमांची यादी हाती देतो. श्वास कधीही रोखू नका, सावकाश वर या, १८ मीटरच्या खाली जाऊ नका, जोडीदाराला सोडू नका आणि शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नका. हे नियम आले कुठून, याचा शोध घेतला की एका ब्रिटिश कुटुंबापाशी पोहोचायला होते. त्या कुटुंबातला मुलगा पुढे भारतीय नागरिक झाला आणि भुवनेश्वरमध्ये त्याचे निधन झाले. जनुकशास्त्रज्ञ म्हणून जगाला ठाऊक असलेल्या हॉल्डेन यांची ही दुसरी ओळख.

बालपणीच प्रयोगशाळेत?

जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. माणूस श्वास कसा घेतो आणि हवा बिघडली की त्याचे काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी ते कोळशाच्या खाणींत उतरत आणि मुलालाही सोबत नेत. एकदा खाणीतल्या मिथेन वायूचा परिणाम दाखवण्यासाठी त्यांनी लहानग्या जॅकला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. काही ओळींतच मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो. धडा पक्का झाला.

आजच्या पालकांना हे ऐकून धक्का बसेल. पण हॉल्डेन कुटुंबाचा दंडकच तसा होता. माणसावर परिणाम काय होतो हे शोधायचे, तर आधी स्वतःवर करून पाहायचे.

वडिलांनी नेमके काय शोधले?

त्या काळी पाणबुड्यांना, म्हणजे खोल पाण्यात काम करणाऱ्या माणसांना, वर आल्यावर असह्य सांधेदुखी, अर्धांगवायू आणि कधी मृत्यूही गाठत असे. याचे कारण माहीत होते. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे होते आणि त्या नायट्रोजनचे बुडबुडे शरीरातच तयार होतात. यालाच डिकम्प्रेशन सिकनेस किंवा बेंड्स म्हणतात. प्रश्न होता तो वर किती वेगाने यायचे हा.

ब्रिटिश नौदलाने हे काम थोरल्या हॉल्डेन यांच्याकडे सोपवले. त्यांनी दाबाच्या टाकीत बकऱ्यांवर प्रयोग केले. शरीरातल्या सगळ्या ऊती सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, हे ओळखून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे कल्पिले. पहिला ५ मिनिटांत निम्मा भरणारा, तर शेवटचा ७५ मिनिटांत. एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत सहसा धोका नसतो, असेही त्यांच्या लक्षात आले. त्यामुळे एका संथ गतीने वर येण्याऐवजी टप्प्याटप्प्याने थांबत येण्याची पद्धत पुढे आली. ही कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आज मनगटावर बांधल्या जाणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्येही कप्प्यांचीच कल्पना वापरतात; प्रचलित ब्यूलमान पद्धतीत असे १६ कप्पे असतात.

या प्रयोगांचा समुद्रातला टप्पा १९०६ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर झाला. नौदलाचे पाणबुडे २१० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप परतले. त्याच मोहिमेत तेरा वर्षांच्या जॅकलाही पाण्यात उतरवण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. सैल बाह्यांमधून पाणी आत शिरू लागले, तरी मुलाने बुडी पूर्ण केली.

मग धाकट्या हॉल्डेन यांचे काम कोणते?

ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकून ते पहिल्या महायुद्धात लढले. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने क्लोरिन वायू वापरल्यावर वडिलांनी त्यांना बोलावून घेतले आणि दोघांनी तो वायू हुंगून मुखवटे तपासले. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना भारतात पाठवण्यात आले. केंब्रिज आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी डार्विनचा सिद्धांत आणि मेंडेलचे नियम यांची गणिती सांगड घातली. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे ते मुख्यतः त्यासाठी.

पाण्याखालच्या कामाकडे ते परतले एका दुर्घटनेमुळे. १ जून १९३९ रोजी थेटिस ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. चार जण बाहेर पडू शकले, ९९ जण दगावले. मृतांमध्ये गोदी कामगारही होते. त्यांच्या संघटनांनी हॉल्डेन यांना कारण शोधायला सांगितले. चार साथीदारांसह त्यांनी स्वतःला बंद टाकीत कोंडून घेतले आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो तसे काय होते ते नोंदवले. धाप लागते, डोके ठणकते, साधी कृतीही जमेनाशी होते. सुटकेचे साधन हाताशी असूनही माणसे का वाचली नाहीत, याचा उलगडा त्यातून झाला.

शरीरावर विश्वास का ठेवता येत नाही?

दुसऱ्या महायुद्धात हे काम नौदलासाठी सुरू राहिले. लंडनच्या सीब गॉर्मन कंपनीकडे लोखंडी प्रेशर चेंबर होते. पन्नाशीकडे झुकलेले हॉल्डेन, त्यांच्या सहकारी आणि नंतर पत्नी झालेल्या हेलन स्पर्वे, सहकारी मार्टिन केस, एवढेच काय पण स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रीन हेदेखील त्यात बसले. यातून पुढे आलेल्या दोन गोष्टी प्रत्येक स्कूबा विद्यार्थ्याच्या कामाच्या आहेत.

पहिली नायट्रोजनची नशा. जास्त दाबाखाली नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा परिणाम करतो, हे अमेरिकी नौदलाच्या आल्बर्ट बेन्के यांनी १९३५ मध्ये मांडले होते. हॉल्डेन यांच्या गटाने थेट दहा वातावरणांच्या दाबाखाली गुणाकाराची उदाहरणे सोडवून पाहिली. उत्तरे चुकू लागली, हातांची कामे बिघडली. यातला खरा धोका असा की आपले काही बिघडले आहे, हे बिघडलेल्या मेंदूला कळतच नाही. उलट मजा वाटते, धीर वाढतो.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. जास्त दाबाखाली हा प्राणवायूच विषारी ठरतो, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले होते. माणसाला किती दाब किती वेळ सोसतो, हे मात्र माणसावरच पाहावे लागणार होते. चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन घेताना अपस्मारासारखे झटके आले, काही वेळा काही मिनिटांतच. अशाच एका झटक्यात हॉल्डेन यांच्या मणक्यांना इजा झाली आणि पाठीचे दुखणे कायमचे मागे लागले. दाबातल्या बदलांनी कानाचे पडदेही फाटले. चेंबरमध्ये हा झटका खुर्चीत बसून येत होता. पाण्यात तोंडातली नळी सुटली तर माणूस बुडतोच.

म्हणूनच मनोरंजनासाठीचे पहिले प्रमाणपत्र १८ मीटरवर थांबते. तिथे एकूण दाब २.८ वातावरण असतो. साध्या हवेतल्या ऑक्सिजनचा वाटा त्यात सुमारे ०.६ वातावरण भरतो. सर्वसाधारण मर्यादा १.४ ची मानली जाते, म्हणजे निम्म्याहून जास्त अंतर राखलेले असते. नायट्रोजनची नशाही सहसा याहून खोलवर जाणवू लागते. तुमचे शरीर किती सोसेल, हे तिथे गेल्यावर ठरवता येत नाही. ते आधीच आकड्याने ठरलेले असावे लागते.

ते भारतात का आले?

हॉल्डेन कम्युनिस्ट होते. सोव्हिएत संघात लायसेन्को यांच्या काळात जनुकशास्त्रज्ञांचा छळ झाला, तेव्हा त्यांनी पुरेशा ठामपणे विरोध केला नाही, ही टीका आजही होते. १९५७ मध्ये ते हेलन यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे निमंत्रण होते आणि सुएझवरील हल्ल्यामुळे ब्रिटनवर त्यांचा रागही होता. इथे त्यांनी शाकाहार स्वीकारला, धोतर-कुर्ता घालू लागले आणि भारताचे नागरिकत्व घेतले. तत्कालीन ओरिसा सरकारच्या पाठबळावर भुवनेश्वरमध्ये त्यांनी जनुकशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे तिथेच निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाडाच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. आयुष्यभर अभ्यासासाठी वापरलेले शरीर मृत्यूनंतरही अभ्यासालाच गेले.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी यात काय?

मालवण-तारकर्लीला पर्यटक जी एकदाची बुडी मारतात, तीत प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि सगळे निर्णय तोच घेतो. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात ते निर्णय हळूहळू तुमच्या हाती येतात. पाडी या संस्थेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे आणि खुल्या पाण्यात चार बुड्या असतात. त्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर ते लपवू नये. डॉक्टरांची संमती घ्यावी. बेत फिसकटेल म्हणून खोटे उत्तर देण्याचा मोह एकट्या प्रवाशाला जास्त होतो, कारण शेजारी टोकणारे कुणी नसते.

परतीच्या तिकिटाचेही तसेच. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो. एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि सलग काही दिवस बुड्या मारल्यास किमान १८ तास विमान टाळावे, असा नियम आहे. म्हणजे स्वराज द्वीपवरचा शेवटचा दिवस किनाऱ्यावर घालवायचा, हे तिकीट काढतानाच ठरवावे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायला सांगतात, तेही याच नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून.

राहिला जोडीदाराचा नियम. एकट्याने आलेल्याला डाइव्ह सेंटर जोडीदार मिळवून देते. हा माणूस तासाभरापूर्वी भेटलेला असतो, त्यामुळे दोघांनी एकमेकांची उपकरणे तपासणे आणि खुणा ठरवून घेणे अवघड वाटते. ते टाळू नये. हॉल्डेन यांच्याइतका जोखमीचा सोस असलेला शास्त्रज्ञ विरळा. पण ते चेंबरमध्ये बसत, तेव्हा बाहेर झडपांपाशी माणूस असे आणि आत काय चालले आहे त्यावर नजर ठेवली जाई. स्वतःवर प्रयोग करणाऱ्यालाही दुसऱ्या माणसाची गरज होती, कारण झटका आलेला मेंदू स्वतःची सुटका करू शकत नाही. प्रवास एकट्याने करता येतो. बुडी मात्र दोघांनीच मारायची असते.