सह्यांची गुंडाळी आणि शेपर्डबाई

न्यूझीलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेंढ्या, लोकर, लोणी आणि क्रिकेटचा संघ उभा राहतो. पण या लहानशा देशाने १८९३ साली जगातील मोठमोठ्या राष्ट्रांना मागे टाकले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या देशांत सर्व प्रौढ स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार देणारा पहिला देश तोच. हे ज्यांच्या चिकाटीमुळे घडले त्या केट शेपर्ड यांच्या चरित्राची ओळख आम्ही आज करून देत आहोत. मानवी हक्कांच्या गोष्टी आपण रोज ऐकतो, परंतु हक्क मिळवायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे या बाईंच्या आयुष्यातून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच कळते.

शेपर्डबाई जन्माने न्यूझीलंडच्या नव्हत्या. आपल्यासारख्याच त्या देश सोडून आलेल्या. त्यांचा जन्म १८४७-४८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे झाला असे मानतात. माहेरचे आडनाव माल्कम. वडील लवकर वारले. स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशक चुलत्यांच्या शिकवणीचा मुलीच्या मनावर मोठा परिणाम झाला. १८६९ मध्ये विधवा आई आणि भावंडांसह त्या जहाजाने क्राइस्टचर्च शहरी आल्या. दोन वर्षांनी वॉल्टर शेपर्ड या दुकानदाराशी त्यांचा विवाह झाला व १८८० मध्ये मुलगा झाला. चाळिशीला येईपर्यंत घर, मूल आणि चर्चचे काम एवढेच त्यांचे जग होते.

१८८५ साली अमेरिकेहून मेरी लेविट नावाच्या बाई आल्या आणि त्यांनी गावोगावी दारूविरोधी व्याख्याने दिली. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात गेली की चूल कशी विझते, हे सांगायला त्या काळच्या बायकांना पुस्तकाची गरज नव्हती. ख्रिस्ती स्त्रियांची मद्यपानविरोधी संघटना उभी राहिली. पण तिचे अर्ज पार्लमेंटात गेले की बाजूला पडत, कारण ज्याला मत नाही त्याच्या अर्जाला वजन नाही. हे ओळखून संघटनेने १८८७ मध्ये मताधिकाराचा स्वतंत्र विभाग काढला व तो शेपर्डबाईंकडे सोपविला.

याच वर्षी स्त्रियांच्या मताधिकाराचे एक विधेयक पार्लमेंटात आले. ते मांडणारे गृहस्थ आपल्या धर्माचे होते, हे सांगताना आम्हांस आनंद वाटतो. त्यांचे नाव सर ज्युलियस व्होगेल. लंडनला जन्मलेले हे यहुदी गृहस्थ न्यूझीलंडचे दोन वेळा पंतप्रधान झाले होते व त्या वेळी खजिनदार होते. विधेयक पडले. व्होगेल यांनी पुढे १८८९ मध्ये इ. स. २००० सालाची कल्पना करून एक कादंबरी लिहिली व तीत स्त्रियांना राज्याच्या सर्वोच्च जागांवर बसविले.

शेपर्डबाईंनी मात्र कल्पनेवर विसंबून न राहता कागद हाती घेतले. १८८८ मध्ये त्यांनी स्त्रियांना मत का हवे याची दहा कारणे देणारे पत्रक काढले. वर्तमानपत्रांत लिहिले, सभा घेतल्या, आमदारांना पत्रे पाठविली. स्त्रियांना मत नकोच आहे, असे विरोधक म्हणत. यावर वाद घालीत बसण्यापेक्षा बाईंनी बायकांनाच विचारायचे ठरविले. अर्जाचे कोरे कागद देशभर पाठविले, कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्या जमल्या. विधेयक खालच्या सभागृहात मंजूर होऊन वरच्या सभागृहात दोन मतांनी पडले. १८९२ मध्ये एकोणीस हजारांवर सह्या झाल्या, पण दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही. दोनदा तोंडाशी आलेला घास गेल्यावर पुष्कळांनी हात टेकले असते. बाईंनी तिसऱ्यांदा कागद पाठविले.

१८९३ मध्ये सर्व अर्ज मिळून ३१,८७२ सह्या झाल्या. युरोपीय वंशाच्या दर चार प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एकीची सही त्यांत होती. मुख्य अर्जाचे पाचशेवर कागद एकाला एक चिकटवून २७० मीटरहून लांब पट्टी तयार झाली व ती केरसुणीच्या दांड्याला गुंडाळली. बाईंचे सहकारी सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात सोडून दिली, तेव्हा ती मधल्या वाटेवरून उलगडत जाऊन पलीकडच्या भिंतीला धडकली. बायकांना मत नको, हे म्हणणे त्यानंतर कोण करणार?

तरीही दारूच्या धंद्याचे हितसंबंध जबर होते आणि पंतप्रधान रिचर्ड सेडन मनातून विरोधी होते. त्यांनी वरच्या सभागृहातील आपल्या पक्षाच्या एका सभासदास तार करून मत बदलावयास लावले. ही ढवळाढवळ पाहून विरोधी बाजूचे दोन सभासद इतके संतापले की त्यांनी आपली मते विधेयकाच्या बाजूने टाकली. ८ सप्टेंबर १८९३ रोजी २० विरुद्ध १८ मतांनी विधेयक मंजूर झाले व १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली.

निवडणूक २८ नोव्हेंबरला होती. हातात जेमतेम दहा आठवडे. पुन्हा त्याच कार्यकर्त्या घरोघर गेल्या, या वेळी मतदारयादीत नावे घालण्यासाठी. १,०९,४६१ स्त्रियांनी नावे नोंदविली व ९०,२९० स्त्रियांनी मत दिले. बायका केंद्रावर गेल्या तर दंगे होतील असे भाकीत होते. दिवस शांततेत पार पडला.

खरे ते सर्व सांगितले पाहिजे. हा अधिकार मूळच्या माओरी स्त्रियांनाही मिळाला. त्याच वर्षी मेरी मंगाकाहिया या माओरी बाईंनी माओरींच्या स्वतंत्र पार्लमेंटापुढे उभे राहून स्त्रियांना मत आणि सभासदत्व दोन्ही मागितले होते, कारण त्यांच्यांत अनेक स्त्रिया जमिनीच्या मालकीण होत्या. परंतु परके मानल्या गेलेल्या चिनी लोकांना काही मिळाले नाही. त्यांच्यावर डोईपट्टी होती, ती १८९६ मध्ये शंभर पौंड झाली व १९४४ पर्यंत कायद्यात राहिली. सरकारने त्याबद्दल २००२ मध्ये माफी मागितली. स्त्रियांना उमेदवार म्हणून उभे राहण्याची मुभाही १९१९ पर्यंत नव्हती. एक दार उघडले म्हणजे सगळी उघडली असे होत नाही.

शेपर्डबाईंना हे उमगले होते. म्हणून त्या विजयानंतर घरी बसल्या नाहीत. १८९६ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. समान कामाला समान वेतन, विवाहित स्त्रीला स्वतःचा पैसा, घटस्फोटाचा सारखा कायदा, या त्यांच्या मागण्या. इंग्लंडला जाऊन तेथील स्त्रियांना त्यांनी आपल्या देशाचा अनुभव सांगितला. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेने त्यांना मानद उपाध्यक्षपद दिले.

उत्तर आयुष्यात दुःखांनी त्यांना सोडले नाही. एकुलता मुलगा १९१० मध्ये गेला, पती १९१५ मध्ये. १९२५ मध्ये जुने स्नेही विल्यम लव्हेल-स्मिथ यांच्याशी त्यांनी विवाह केला, ते १९२९ मध्ये वारले. एकुलती नात १९३० मध्ये गेली. १९३३ मध्ये क्राइस्टचर्चजवळच्या लिटलटन मतदारसंघातून एलिझाबेथ मॅकूम्ब्स ही पहिली स्त्री पार्लमेंटात निवडून आली. तेवढे पाहून १३ जुलै १९३४ रोजी शेपर्डबाई निवर्तल्या. आज न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे आणि ती सह्यांची गुंडाळी वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावयास मिळते.

ही वाट आपल्या मुंबईपर्यंत आली ती तशाच मार्गाने. १९१९ मध्ये हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या मुंबईहून लंडनला जाऊन पार्लमेंटाच्या समितीपुढे हिंदी स्त्रियांची बाजू मांडून आल्या. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळाले, पण मिळकतीची अट होती. सर्व प्रौढांना मत मिळण्यास स्वतंत्र भारताची राज्यघटना यावी लागली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्वांना समान मताधिकाराचे तत्त्व आले, तरी स्वित्झर्लंडच्या स्त्रियांना १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली.

आपण जेथे जाऊन राहिलो तेथे आपल्याला मताचा कागद सहज हातात मिळाला. तो मिळवायला कोणी पायपीट केली, हे आपल्या नातवंडांना जरूर सांगावे. आणि दूरच्या देशातील कोणा तुरुंगात टाकलेल्या माणसासाठी किंवा मुकाट केलेल्या समाजासाठी कोणी अर्ज घेऊन दारी आले, तर एका सहीने काय होणार असे म्हणून त्याला परत पाठवू नये. अर्ज नीट वाचावा, पटला तर सही करावी, आणि जमल्यास शेजारच्या घरी घेऊन जावा.