अलबेला ट्रम्पेटवाला

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत रस्ता आमच्या डोंगरीत येतो. मुंबईतली डोंगरी वेगळी. ही आमची डोंगरी म्हणजे बेथलेहेम माऊलीच्या चर्चभोवती वसलेलं ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचं गाव. इथं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडळी उंबराचं पाणी आणायला निघतात, ती बँडच्या मागोमाग. बँडवाल्यांच्या पोतडीत नवी गाणी दरवर्षी बदलतात, पण ‘शोला जो भडके’ची चाल काही हटत नाही. क्लॅरिनेटने सुरुवात केली रे केली, की ज्या आजीबाईंना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात त्यांचीही पावलं हलू लागतात!

हे गाणं कुणाचं, असं विचारलं तर कुणीही सांगेल, भगवानदादांचं. जरा जाणकार असेल तो म्हणेल, सी. रामचंद्रांचं. दोन्ही उत्तरं बरोबर. पण या संगीताच्या जडणघडणीत आणखी एका माणसाचा वाटा आहे आणि त्याचं नाव आमच्या बँडवाल्यांनासुद्धा ठाऊक नसतं. त्याचं नाव चिक चॉकलेट. नाव ऐकून हसू येईल, पण एके काळी मुंबईच्या बड्या हॉटेलांत हे नाव ऐकून माणसं गर्दी करत. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्याची ख्याती होती.

चिकचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. 1916 साली गोव्यात, बारदेशातल्या हळदोणे गावी त्याचा जन्म झाला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या मुलांना त्या काळी एक देणगी आपसूक मिळे. चर्चच्या शाळेत मास्तर मुलांना अक्षरांबरोबर सूर वाचायला शिकवीत. पाच रेषांवर मांडलेली पाश्चात्त्य स्वरलिपी ही मुलं धडा वाचावा तशी वाचत. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला गाणारे आणि व्हायोलिन वाजवणारे हात तयार व्हावेत. आमच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांची सत्ता चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, 1739 मध्ये गेली. गोव्यात ती 1961 पर्यंत टिकली. सत्तेबरोबर ही शिकवणीही तिथं टिकली. प्रार्थनेसाठी शिकवलेल्या या विद्येनं पुढं साऱ्या देशाला नाचवलं, ही गंमत त्या मास्तरांच्या स्वप्नातही नसेल.

गोव्यात विद्या होती, पण रोजगार नव्हता. तो मुंबईत होता. बोलपटांच्या आधी मूकपटांच्या थिएटरात वाद्यवृंद लागत, क्लबांत आणि हॉटेलांत नाच चालत, लष्कराचे आणि पोलिसांचे बँड होते. स्वरलिपी वाचणारा माणूस हवा म्हटलं की गोवेकरच सापडे. अशातच 1935 मध्ये लिऑन ॲबी नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कलावंत आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईनं अस्सल जॅझ ऐकलं. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. कागदावर लिहिलेलं चोख वाजवणाऱ्या गोवेकर पोरांना या मंडळींनी एक नवी गोष्ट दाखवली. कागदावर नसलेलंही वाजवता येतं! ऐन वेळी सुचेल तसा सूर वळवायचा, लांबवायचा, मधेच खरखरीत करून सोडायचा. आपल्याकडच्या ख्यालगायकाला यात नवल वाटणार नाही; चर्चमध्ये शिकलेल्या वादकाला मात्र ते दार उघडल्यासारखं वाटलं असणार.

या दारातून जे आत शिरले त्यांत चिक पुढे होता. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. तबकड्यांवरून ऐकलेला तो घोगरा आवाज, ट्रम्पेटचा तो टिपेला जाणारा सूर, घाम टिपायचा पांढरा रुमालसुद्धा त्यानं उचलला. यात नक्कल होती हे खरंच. पण नक्कल करता करता ट्रम्पेटवर त्याची अशी हुकमत आली, की पुढे लोक त्याला ऐकायलाच येऊ लागले. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बँड. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात तो गाजला, मग खुद्द ताजमध्ये. ते ग्रीन्स आज नाही. त्याच्या जागी ताजचा उंच मनोरा उभा राहिला तो 1970 च्या दशकात. पंधरा ऑगस्ट 1947 ची पहाट व्हायची होती, त्या मध्यरात्रीच्या ताजमधल्या जल्लोषात दोन बँड वाजत होते. एक मिकी कोरियांचा, दुसरा चिक चॉकलेटचा.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. नाचाच्या मजलिशीतले गोरे साहेब मायदेशी गेले. पाठोपाठ मुंबई इलाख्यात दारूबंदी आली. 1949 चा तो कायदा. हॉटेलांच्या रात्री ओसरल्या आणि अनेक वादकांचे पाय सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथं त्यांची निकड होतीच. आपले संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधत. राग, ताल, शब्दांचा भाव यात ते पक्के. पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं, हे कागदावर मांडणं बहुतेकांना येत नसे. इथं गोवेकर सहाय्यक कामाला येई. संगीतकार गाऊन दाखवी, सहाय्यक ते स्वरलिपीत उतरवून घेई, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा भरी, व्हायोलिनचा कागद वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा असे रातोरात तयार करी. मग सगळा ताफा एका दमात गाणं वाजवी. तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रण करायची सोय नव्हती. एकाचा सूर चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

चिकची गाठ पडली ती रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र तथा अण्णांशी. पुणतांब्याचा मराठी माणूस आणि हळदोण्याचा गोवेकर, अशी ही जोडी. अण्णांचा कान चौफेर. भावगीताचा गोडवा त्यांच्या गळ्यात होता आणि विलायती ठेक्याची ओढही होती. 1950 च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ त्यांनी एका लॅटिन अमेरिकी ढंगाच्या गाण्यावरून बेतलं. पुढच्याच वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. लालबाग-परळच्या गिरणगावातल्या रसिकांनी डोक्यावर घेतलेल्या या चित्रपटात बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांची अशी काही धमाल आहे, की आज सत्तरहून अधिक वर्षांनीही ती शिळी वाटत नाही. चिक इथं अण्णांचा सहाय्यक होता. एवढंच नव्हे, झालरीचे बाह्यांचे झगमगीत सदरे घालून त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आपण भगवानदादा आणि गीता बालीकडे बघत राहतो, हा भाग वेगळा.

त्याच 1951 साली चिकला स्वतंत्र संगीतकार म्हणूनही संधी मिळाली. देव आनंद आणि मधुबाला यांचा ‘नादान’. यातलं तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ रेडिओवर आपण कितीदा ऐकलं असेल! मी स्वतः ते कितीतरी वर्षं दुसऱ्याच कुणा मोठ्या संगीतकाराच्या नावावर ऐकत आलेल्या लोकांमध्ये बसलो आहे. इतकं हळुवार, इतकं देशी वळणाचं गाणं एका ट्रम्पेटवाल्याचं असेल, हे मनाला पटत नाही म्हणून असेल कदाचित. पण ती वाट पुढं फारशी रुंदावली नाही. चिक पुन्हा दुसऱ्यांच्या गाण्यांत फुंकर घालू लागला. मदन मोहन यांच्याकडेही त्यानं काम केलं.

आता प्रश्न येतो श्रेयाचा. इथं मला कुणावर अन्याय करायचा नाही. चाल अण्णांची, यात वाद नाही. चाल नसेल तर वाद्यवृंद कशावर उभा राहणार? पण गाणं आठवताना आपण नुसती चाल कुठं आठवतो? मुखड्याआधीची ती सलामी, दोन कडव्यांमधली ती उसळी, तीही आपण तोंडानं वाजवतोच की. तबकडीवर मात्र नावं असत ती गायकाची, संगीतकाराची, फार तर कवीची. वादकाला त्या दिवसाचा मेहनताना मिळे आणि तिथं हिशेब संपे. गाणं पुढं पन्नास वर्षं कमावत राहिलं तरी त्याच्या घरी त्यातलं काही जात नसे. नाव नाही म्हणजे मान नाही, आणि नाव नाही म्हणजे दामही नाही, असा हा दुहेरी तोटा.

मे 1967 मध्ये चिक गेला. वय अवघं 51. पुढं 1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विस यांचं नाव गाण्यात गुंफून साऱ्या देशाच्या तोंडी बसवलं. असा शिष्य चिकच्या वाट्याला आला नाही. या मंडळींची दखल पुस्तकांतून घेतली गेली तीही फार उशिरा. नरेश फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझवरचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ 2012 चं, म्हणजे चिकला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाल्यावरचं.

आमच्या गावातल्या नव्या पोरांना मी हल्ली एक काम सांगतो. आवडतं जुनं गाणं लावा, गायकाकडे घटकाभर दुर्लक्ष करा आणि मागचं एक वाद्य पकडून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जा. मग ते वाजवलं कुणी, याचा शोध घ्या. बहुतेकदा नाव सापडत नाही, तेव्हा पोरं खट्टू होतात. होऊ द्यावीत. ‘अलबेला’च्या बाबतीत निदान एक नाव तरी सापडतं. ते वहीत लिहून ठेवा, म्हणतो मी, खऱ्या नावासकट: अंतोनियो झेवियर वाझ, हळदोणे.