सर रिचर्ड आर्कराइट आणि क्रॉमफर्डची गिरणी

शाळेच्या इतिहासात औद्योगिक क्रांतीचा धडा आला की हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम आणि क्रॉम्प्टनचे म्यूल ही तीन जोड्यांची यादी आपले विद्यार्थी पाठ करतात आणि पेपर संपला की विसरून जातात. त्यातील मधल्या माणसाची हकीकत मात्र एका ओळीत मावण्याजोगी नाही. ज्या घरांत यंत्रमागाची खडखड ऐकत मुले अभ्यास करतात, त्या घरांतील पालकांनी तर ती जरूर वाचावी.

रिचर्ड आर्कराइटचा जन्म 23 डिसेंबर 1732 रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन या गावी झाला. बाप शिंपी. घरात खाणारी तोंडे फार, त्यात हा धाकटा. शाळेची पायरी त्याला चढता आली नाही. नात्यातल्या एलन नावाच्या बहिणीने त्याला अक्षरओळख करून दिली, तेवढेच काय ते शिक्षण! पुढे त्याला न्हाव्याच्या हाताखाली ठेवले. बोल्टन गावी त्याने स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी प्रतिष्ठित लोक डोक्यावर केसांचे टोप घालीत. आर्कराइट गावोगाव हिंडून केस विकत घेई, रंगवी आणि टोप तयार करी. लग्नानंतर थोड्याच काळात पहिली पत्नी एक तान्हा मुलगा मागे ठेवून वारली. पुढे टोपांची फॅशनही ओसरू लागली. असा माणूस एरवी काय करील? दैवाला दोष देत बसेल. हा मात्र गावोगावच्या कोष्ट्यांचे गाऱ्हाणे कान देऊन ऐकत होता.

गाऱ्हाणे असे होते : एका मागाला सूत पुरवायला कित्येक बायकांनी चरखे फिरवावे लागत, तरी सूत अपुरे पडे. शिवाय इंग्लंडमध्ये निघणारे कापसाचे सूत कच्चे. ते बाण्याला चाले, पण ताण्याला लावले की तुटे. म्हणून ताणा लिननचा घालावा लागे. आपल्याकडच्या कारागिरांनी ही विद्या कित्येक शतके आधीच हस्तगत केली होती. हिंदुस्थानच्या छिटांनी इंग्लंडचा बाजार इतका व्यापला होता की 1721 साली तिथल्या पार्लमेंटने छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घालणारा कायदा केला. बंदी घालता येते, पण तसे सूत हुकूम काढून कातता येत नाही.

आर्कराइटची जॉन के नावाच्या घड्याळजीशी गाठ पडली. दोघांनी मिळून यंत्र उभे केले. त्याचे तत्त्व साधे आहे. पेळू रुळांच्या एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जातो. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे तंतू ओढले जाऊन सारखे होतात, आणि शेवटी चातीवर पीळ बसतो. चरखा चालवणारी बाई बोटांनी जे करते, तेच काम इथे रूळ करतात. या यंत्राचे पेटंट 1769 साली मिळाले. पण विद्यार्थी मित्रांनो, रुळांची कल्पना सर्वस्वी आर्कराइटची नव्हती. लुईस पॉलने ती तीस वर्षे आधी मांडली होती. आणि के हा पूर्वी टॉमस हाइज नावाच्या कारागिराकडे अशाच यंत्रावर काम करीत होता. आर्कराइटचा खरा गुण जोडणीत होता. विखुरलेले तुकडे त्याने जमवले आणि चालवून दाखवले. हा गुण लहान नव्हे. परंतु हाइजच्या वाट्याला ना पैसा आला ना नाव, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नॉटिंगहॅमला त्याने पहिली गिरणी घोड्यांच्या बळावर चालवली. घोड्यांचा खर्च फार म्हणून 1771 साली त्याने डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड हे आडगाव निवडले. का निवडले? तिथे एक ओढा होता आणि शिशाच्या खाणीतले पाणी बाहेर काढणारा एक बोगदा होता. खाणीतले ते पाणी किंचित कोमट असल्याने कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. म्हणजे पाणचक्की बारमाही फिरणार! एवढा विचार करून जागा ठरवणारा माणूस शाळेत गेलेला नव्हता.

आता ती इमारत डोळ्यांपुढे आणा. भिंती स्थानिक दगडाच्या, मजले पाच, लांबी पुष्कळ आणि रुंदी अगदी बेताची. तिचे प्रत्येक माप यंत्राने ठरवले होते. शक्ती एकाच चक्रातून यायची, म्हणून यंत्रे चक्राच्या जवळ हवीत आणि त्यासाठी मजल्यावर मजला चढवायचा. तुळया लाकडाच्या, म्हणून रुंदी मर्यादित. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड मध्यापर्यंत पोचला पाहिजे, हेही कारण होतेच. रात्रपाळीला मेणबत्त्या लागत. लाकडी जमिनीत मुरलेले तेल, हवेत उडणारे कापसाचे तंतू आणि उघडी ज्योत! अशा गिरण्या काड्यापेटीसारख्या पेटत. क्रॉमफर्डचीच दुसरी, सात मजली गिरणी 1890 मध्ये जळून गेली. आगीच्या या धास्तीतूनच पुढे लोखंडी खांब आणि विटांच्या कमानींची बांधणी निघाली. शेजारच्या बेल्परची नॉर्थ मिल 1803 साली जळाली, आणि 1804 मध्ये ती लोखंडी सांगाड्यावर पुन्हा उभी राहिली.

लँकेशायरात बर्काकर येथील त्याची गिरणी 1779 साली संतप्त जमावाने उद्ध्वस्त केली. हाताने सूत कातणाऱ्यांचा घास जात होता. त्यांना केवळ अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. या दंगलीनंतर क्रॉमफर्डला तोफा आणि भाले सज्ज ठेवण्यात आले. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या बाजूस खिडक्याच नाहीत, त्यामुळे ती जागा कारखान्यापेक्षा गढीसारखी दिसते.

आणि त्या गढीच्या आत कोण होते? बहुसंख्य मुले आणि स्त्रिया. आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्गात बसणारे सात-आठ वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. तेवढी मुले बारा-बारा तासांच्या पाळीत तुटलेले धागे जोडत आणि बॉबिन बदलत. त्यांची बोटे नाजूक होती आणि मजुरी कमी, हे त्यामागचे कारण. आर्कराइटने कामगारांसाठी चांगली दगडी घरे बांधली. 1776 च्या नॉर्थ स्ट्रीटवरील तिमजली घरांत वरच्या मजल्याला लांब खिडक्या आहेत, तिथे घरचा कर्ता पुरुष माग चालवी आणि खाली गिरणीत त्याची बायकामुले राबत. घर चांगले होते, पण ते मुलांच्या कष्टांशी बांधलेले होते. मुलाला कामावर पाठवण्याचा निर्णय तिथेही आईबापच घेत होते, आणि घरचा हिशेब बसवण्यासाठीच घेत होते.

यश मात्र अफाट मिळाले. 1774 मध्ये पार्लमेंटने इंग्लंडात बनलेल्या शुद्ध सुती कापडावरची बंदी उठवली. 1783 मध्ये डर्वेंट नदीकाठी मॅसन मिल उभी राहिली. तिच्या तांबड्या विटा, पुढे आलेला मधला भाग, कमानदार खिडक्या आणि माथ्यावरचा छोटा घुमट पाहिला की मालकाला आता लपायचे नसून मिरवायचे आहे हे कळते. 1785 साली कोर्टात हाइज आणि के या दोघांनीही त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याची पेटंटे रद्द झाली. तरी पुढच्याच वर्षी राजाने त्याला सर ही पदवी दिली आणि 1787 मध्ये तो परगण्याचा शेरीफ झाला.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. पन्नाशी उलटल्यावर, देशातल्या गणल्या जाणाऱ्या धनवंतांत जमा झाल्यावर, हा माणूस झोपेतून वेळ काढून इंग्रजी व्याकरण आणि शुद्धलेखन शिकत असे, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. लहानपणी हुकलेली शाळा त्याला शेवटपर्यंत सलत असावी. आणि याच माणसाच्या गिरणीत शेकडो मुलांची शाळा हुकत होती! या दोन गोष्टींचा मेळ त्याच्या मनात कसा बसत होता, कोण जाणे.

3 ऑगस्ट 1792 रोजी तो वारला. नदीपलीकडे स्वतःसाठी बांधायला घेतलेल्या वाड्यात राहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्या गिरणीचा नमुना मात्र जगभर गेला. जर्मनीत रॅटिंगेन येथे निघालेल्या गिरणीला क्रॉमफर्ड हेच नाव दिले गेले. सॅम्युएल स्लेटरने ही विद्या अमेरिकेत नेली. मुंबईत कावसजी दावरांनी 1854 मध्ये स्थापन केलेली गिरणी दोन वर्षांनी ताडदेवला सुरू झाली. ती वाफेवर चालली, तरी घराणे तेच.

क्रॉमफर्डचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकात खाणीचे पाणी दुसऱ्या बोगद्याने खाली वळले, चक्र मंदावले आणि सूतकताई संपली. 1922 पासून तिथे रंगाचा कारखाना होता. 1929 मध्ये पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजले आगीत गेले. 1979 मध्ये रंगाचा कारखाना बंद पडला, तेव्हा शिशाच्या रंगांनी माखलेल्या त्या इमारती पाडून टाकणे सोपे होते. आर्कराइट सोसायटी या संस्थेने त्या विकत घेतल्या आणि वर्षानुवर्षे साफ केल्या. 2001 साली युनेस्कोने डर्वेंट खोऱ्यातील गिरण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मॅसन मिलमध्ये तर 1991 पर्यंत सूत निघत होते. आपल्या गिरणगावात 1982 च्या संपानंतर कित्येक गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उठले. कुठे नुसती चिमणी राहिली. क्रॉमफर्डच्या पहिल्या गिरणीचे पाचपैकी तीन मजले शाबूत आहेत, आणि ज्या दारातून ती मुले पहाटे आत जात, त्या आवारात आता शाळांच्या सहली येतात.