सिंहासन नाकारणारी राजकन्या

‘हवाई’ म्हटलं की आपल्याला आधी विमान आठवतं, नाही का? पण आज मी सांगणार आहे ती प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांच्या राजकन्येची गोष्ट. होनोलुलू शहरात तिच्या स्मरणार्थ उभं राहिलेलं बिशप म्युझियम आजही आहे.

तिचं नाव बर्नीस पाउआही. जन्म 19 डिसेंबर 1831 चा. हवाईची बेटं एका छत्राखाली आणणाऱ्या राजा कामेहामेहाची ती पणती. तिच्या जन्माच्या सुमारास वडिलांनी अंगणात चिंचेचं झाड लावलं होतं. पुढे मोठेपणी त्याच चिंचेखाली बसून ती लोकांची गाऱ्हाणी ऐकायची!

आईवडिलांच्या मनात तिचं लग्न राजघराण्यातल्या लॉटशी लावायचं होतं. पण तिचं मन जडलं चार्ल्स बिशप या अमेरिकन तरुणावर. 1850 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तिनं त्याच्याशी लग्न केलं. आईवडील लग्नाला आलेही नाहीत. राग निवळला तो नंतर.

पुढे हाच लॉट राजा झाला. तो अविवाहितच राहिला. डिसेंबर 1872 मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यानं पाउआहीला बोलावलं आणि गादी तिच्या हाती द्यायची इच्छा सांगितली. तिनं नम्रपणे नकार दिला. मला नको, तुमची बहीण आहे की, असं तिनं सुचवलं. काही वेळातच राजा गेला.

सत्ता नाकारली, पण वारसा काही टळला नाही. परदेशी जहाजांबरोबर गोवर, देवी असे रोग या बेटांवर आले होते आणि माणसं पटापट मरत होती. तिच्या जन्माच्या वेळी बेटांवर सुमारे 1 लाख 30 हजार माणसं होती. 1884 साली मूळ हवाईयन उरले जेमतेम 40 हजार. राजघराण्यातही एकेक जण जात राहिला आणि त्यांचं सगळं मागे उरलेल्यांकडे येत गेलं. 1883 मध्ये राजकन्या रूथ गेली आणि तिची साडेतीन लाख एकर जमीन पाउआहीकडे आली. लोक तिला भाग्यवान म्हणत असतील. मला मात्र वाटतं, त्या प्रत्येक एकरामागे कुणीतरी गेल्याचं दुःख होतं.

पाउआहीला मूल नव्हतं. त्याच वर्षी तिनं मृत्युपत्र केलं आणि बहुतेक जमीन शाळांसाठी ठेवली. एक मुलांची शाळा आणि एक मुलींची! वर्षभरातच, 16 ऑक्टोबर 1884 रोजी, स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. वय अवघं 52.

मुलांची शाळा 1887 मध्ये सुरू झाली, मुलींची 1894 मध्ये. कामेहामेहा स्कूल्स या नावानं त्या आजही चालू आहेत. घराण्यातल्या पिढीजात वस्तूंसाठी चार्ल्सनं 1889 मध्ये पत्नीच्या आठवणीत संग्रहालय स्थापलं. त्यात रूथकडून आलेल्या वस्तू होत्या आणि 1885 मध्ये वारलेल्या राणी एमाच्याही. म्हणजे बघा, तीन राजस्त्रियांचा ठेवा एका छपराखाली आला.

पिसांची राजवस्त्रं, झाडाच्या सालीचं कापड, लाकडी भांडी असं बरंच काही तिथं आहे. मामो नावाच्या पक्ष्याच्या पिवळ्या पिसांचा कामेहामेहाचा झगाही तिथंच आहे. तो पक्षी आता जगात उरलेला नाही. शिवाय कीटक, शंख, वनस्पती यांचे दोन कोटींहून जास्त नमुने जपलेले आहेत. 1893 मध्ये हवाईचं राज्य उलथवलं गेलं, 1898 मध्ये ती बेटं अमेरिकेला जोडली गेली. सिंहासन राहिलं नाही. शाळा आणि संग्रहालय मात्र राहिलं.

आपल्याकडे आजीची पितळी भांडी मोडीत जातात आणि मृत्युपत्राचा विषय काढला तरी ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प केलं जातं. पाउआहीनं आपल्यामागे काय व्हावं हे जिवंतपणी, शुद्धीत, लिहून ठेवलं. आपल्या नावावर एकरभर जमीन नसेलही, पण आजीची पैठणी कुणाकडे जावी, कोणत्या पातेल्याची काय कहाणी आहे, एवढं तरी आपण एका वहीत लिहून ठेवू शकतो की!