शंकर बाळकृष्ण दीक्षित

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. महर्षी कर्वे यांचे बालपण ह्याच गावी गेले. येथेच १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून ते शिक्षक झाले आणि पुढे शिक्षण खात्यातच राहिले. ज्योतिषाचा व्यासंग त्यांनी नोकरी सांभाळून केला.

त्या काळी महाराष्ट्रातील पुष्कळशी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ह्या ग्रंथावरून होत. त्यातील गणित १५२० सालापासून धरलेले आहे. रीत मोठी सुटसुटीत. म्हणूनच ती घरोघरच्या जोशांना पाठ होती. परंतु साडेतीनशे वर्षांत गणिताने येणारे ग्रह व आकाशात दिसणारे ग्रह यांत अंतर पडले होते. रीतीमागील कारण जाणणारे थोडे. मग चूक कोठे आहे, हे शोधणार कोण? दीक्षितांनी जुने ग्रंथ मिळवून, त्यांतील गणिते स्वतः करून ताडून पाहिली.

ह्या श्रमांची कसोटी लवकरच लागली. मध्य प्रदेशातील एरण येथे एक स्तंभ आहे. त्यावरील लेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा दिवस दिला आहे. पण गुप्तांचा संवत् कोणत्या वर्षी सुरू झाला, यावर विद्वानांचे एकमत नव्हते. आरंभाचे वर्ष बदलले की त्या द्वादशीचा वारही बदलतो. तेव्हा गुरुवार कोठे जमतो, हे पाहणे आले. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस इ. स. ४८४ च्या जून महिन्याची २१ तारीख ठरला, आणि संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० ह्या वर्षी येतो, ह्या मतास बळकटी आली. फ्लीट साहेबांनी १८८८ साली गुप्तांचे लेख प्रसिद्ध केले, त्यांत हे गणित आहे. नुसते उत्तर देऊन दीक्षित थांबले नाहीत. तिथीवरून वार व इंग्रजी तारीख कशी काढावी, ती रीतही त्यांनी त्याच ग्रंथात लिहून दिली. ज्यास शंका असेल त्याने पाटी घेऊन बसावे! मला तर त्यांच्या कामातील हाच भाग सर्वांत थोर वाटतो.

१८९६ साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत पंचांगगणिताचा ग्रंथ काढला. त्यात इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतची कोष्टके आहेत. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथही त्याच वर्षी निघाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दीक्षित वारले. शिलालेखांचे अभ्यासक पुढे कित्येक वर्षे त्यांच्या कोष्टकांवरून तिथी ताडून पाहत असत.